एकादशी, सव्वाआठ

आमच्या चाळीत भरतीची वेळ कुणी पेपरात बघत नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, संपलं. परवा एकादशी होती. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. थोडं इकडेतिकडे होतं, पण शेजारच्या अण्णांचा या हिशेबावर रेल्वेच्या टाइमटेबलापेक्षा जास्त विश्वास.

"साडेपाचला निघू," कालनिर्णयपुढे उभे राहून अण्णा म्हणाले.

"एकादशीला मासे?" काकू आतून.

"खायचे नाहीत गं. गरवायला कुठे बंदी आहे?"

अण्णांचा उपास असा. साबुदाण्याची खिचडी खाऊन कोळंबी पिशवीत भरायची. शिवाय एकादशी म्हणजे जवळपास भांगाचंच पाणी, अष्टमीनंतर जेमतेम उठू लागलेलं. पावसाळ्यात पेपरवाले साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी छापतात तसलं उधाण नव्हे. पाणी रेंगाळत चढतं आणि माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. घोळ तिथेच सुरू होतो.

अण्णांची जागा ठरलेली. चर्नी रोडचा पूल उतरायचा, चौपाटीच्या टोकाला मफतलाल बाथच्या पुढे यायचं आणि कठड्यावर बसायचं. समोर तारापोरवाला मत्स्यालय होतं, १९५१ सालचं. लहानपणी तिकीट काढून आत गेलं की मासे हमखास दिसायचे, ही सोय मला अजून आठवते. कठड्याखाली काँक्रीटचे टेट्रापॉड. चार पाय असून जागचा न हलणारा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. माझी निम्मी शिसं त्यांच्याच पोटात आहेत.

अण्णांकडे काठी नाही, रीळ नाही. पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. कोळंबी शेपटीकडून ओवायची, काटा पाठीत लपवायचा, फेकायचं. मग तंगूस तर्जनीवरून सोडून ते बोट किंचित वाकवून बसतात. लाट आली की बोट हलतं, खेकडा कुरतडत असेल तर बोट थरथरतं. हे फरक ते सांगू शकत नाहीत, बोटाला कळतात म्हणतात. माझ्या बोटाला अजून एवढंच कळतं की तंगूस ओला आहे.

पहिला अर्धा तास काहीच लागलं नाही. अर्धा तास हा वाईट काळ असतो. पाच मिनिटांत कुणी जागा बदलत नाही, आणि दोन तास झाले की माणूस हट्टाला पेटतो. अर्ध्या तासाला मात्र पलीकडचं पाणी जास्त हिरवं दिसायला लागतं.

"अण्णा, थोडं पुढे नाल्याच्या तोंडाशी बघू या का?"

"मासा पाण्याबरोबर येतो. आपण कशाला जायचं?"

खजुऱ्याच्या बाबतीत त्यांचं अगदीच चुकत नाही. खजुरा म्हणजे अलिबाग-पेणकडचा जिताडा. तिकडे जावयाला किंवा साहेबाला खूश करायला जो देतात, तोच. आमच्या बाजूला तो क्वचितच. मी जन्मात एक पाहिला, तोही दुसऱ्याच्या गळाला. हा मासा भक्ष्याच्या मागे फार धावत नाही. खडकाची, बुडालेल्या ओंडक्याची आडोशाची जागा बघून दबा धरतो आणि प्रवाह घास आणून देईपर्यंत थांबतो. म्हणजे कठड्यावर अण्णा बसलेले, कुठेतरी खाली तो बसलेला, आणि दोघांचाही पाण्यावर भरवसा. बाकी हा स्थिरचित्त वगैरे मुळीच नाही. बहुतेक खजुरे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि काही वर्षांनी मादी होतात. एवढं बदलायची तयारी असलेल्याने जागेच्या बाबतीत इतकं हटून का बसावं, कोण जाणे.

जागा कधी सोडावी, यावर शास्त्रही आहे. एरिक चार्नोव्ह नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली गणित मांडलं. एका ठिकाणी चरणाऱ्या प्राण्याने त्या जागेची मिळकत सगळ्या प्रदेशाच्या सरासरीवर घसरली की उठावं. सरासरीत वाटेत जाणारा वेळही धरायचा, म्हणून पुढची जागा जितकी लांब, तितकं इथेच जास्त थांबायचं. मला हे फार पटलं. अडचण एवढीच की माझी आजवरची सरासरी शून्य आहे. इथलीही शून्य. गणिताने मी उठलो काय आणि बसलो काय, सारखंच. उलट अण्णांचे गुडघे असे की वीस पावलांवरची जागाही त्यांना लांबच, तेव्हा चार्नोव्ह पूर्णपणे त्यांच्या बाजूला.

तरी मी उठलो. पन्नास पावलांवर गेलो. तिथे गरी टेट्रापॉडमध्ये अडकली, शिसं गेलं. आणखी पुढे नाल्याच्या तोंडाशी वास असा की मासा आला असता तरी मी थांबलो नसतो. मग जुनी जागाच बरी वाटायला लागली. तिथे पाण्याची एक वळवळ मी निघताना पाहिली होती, असंही आठवायला लागलं.

परत आलो तर अण्णांच्या शेजारी एक जोडपं टेकलेलं. मरीन ड्राइव्हवर जोडप्याला उठवणं कोणाच्याही बापाला जमलेलं नाही. मी आशाळभूतासारखा उभा राहिलो.

"सोडलीस ना?" अण्णा समुद्राकडेच बघत म्हणाले.

त्यांच्या आवाजात चाळ होती. धाकटा भाऊ डोंबिवलीला गेला तेव्हापासून ती आहे. पुनर्विकासाच्या कागदावर आमच्या मजल्यावर एकट्या अण्णांची सही नाही. भुयारी मेट्रोसाठी गिरगावातल्या काही चाळी पडल्या, तेव्हा रोज संध्याकाळी ते तिकडे चक्कर मारून यायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाहीत. बिल्डरचा माणूस परवा म्हणाला, "अण्णा, दोनच वर्षं ट्रान्झिटमध्ये, मग इथेच." अण्णांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तुम्ही कधी गरवायला गेलात का?"

मी कठड्यापासून जरा मागे, जोडप्याच्या पाठीशी बाटली धरून उभा. त्यांच्या डोक्यावरून फेकणं शक्यच नव्हतं. समोरचा क्वीन्स नेकलेस लागला. आठच्या सुमाराला, पाणी जवळजवळ भरलेलं असताना, अण्णांचं बोट वाकलं. त्यांनी घाई केली नाही. एक हिसका, मग हातावर हात घेत तंगूस वर. वीतभर खरबा. वर येताच करकरला, जोडप्यातली मुलगी किंचाळली, मुलाने मोबाइल काढला आणि तेवढ्यात दोघं फोटोसाठी उठून अण्णांच्या पलीकडे गेली.

मी झटकन बसलो.

सव्वाआठला पाणी थांबलं. खरबा काकूंच्या फ्रीजरमध्ये गेला, द्वादशीपर्यंत. माझ्याकडची उरलेली अकरा कोळंबीही त्याच्या शेजारी.

"उद्या किती वाजता?" जिन्यात मी विचारलं.

"बारा त्रिक छत्तीस," अण्णा म्हणाले. "नऊ."

दुसऱ्या दिवशी निघताना मी खिशात दोन रुमाल घेतले. एक घामासाठी.