आयत्या वेळचे विषय

सोसायटीच्या इतिवृत्ताइतकं सुखी वाङ्मय मराठीत दुसरं नसेल. त्यात कुणी भांडत नाही. प्रत्येक विषयावर ‘साधकबाधक चर्चा’ होते, सूचक-अनुमोदक मिळतात आणि ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खुर्ची उचलली होती, याची नोंद ‘सभासदांनी उत्साहाने भाग घेतला’ अशी होते.

वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची बहुधा पितृपक्षात होते; तेव्हा माणसं तशीही कुणाची तरी वाट बघत बसलेली असतात. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही, हे नोटिशीतच छापलेलं असतं. त्यामुळे लोक थेट तहकूब सभेलाच येतात. खजिनदार हिशेब वाचायला उभे राहिले, की मागच्या दाराने समोसे येतात. हे टायमिंग मी व्यावसायिक रंगभूमीवरही पाहिलेलं नाही.

यंदा मी टाकी सफाईचं एक व्हाउचर पाहिलं. तारीख नाही, ठेकेदाराचं नाव नाही. रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही, आणि तिचं शेपूट थेट आमच्या सेक्रेटरींच्या सहीसारखं वर जाऊन खाली वळलेलं. मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, “आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.” आयत्या वेळचे विषय आले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. आता सावधान उभं राहून व्हाउचर कुणी विचारावं?

काकांनी तरी नंतर आवाज चढवलाच. त्यावर कमिटीने ब्रह्मास्त्र काढलं, “मग तुम्हीच या ना कमिटीत!” काका चपला शोधू लागले.

ओरडणाऱ्याला कमिटी भीत नाही, कागदाला भिते. कारण कागदामागे कायदा असतो: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याच्या कलम ७३ प्रमाणे कमिटीच्या निर्णयांना सगळे सदस्य एकत्र आणि एकेकटेही जबाबदार असतात; ज्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला, तो सुटतो. ‘सर्वानुमते’ हा त्यांच्यासाठीच महागडा शब्द आहे, पण हे त्यांना कुणी सांगत नाही. कलम ८३ खाली चौकशी लागते आणि ८८ खाली झालेलं नुकसान जबाबदार माणसाच्या खिशातून वसूल होऊ शकतं.

मी दप्तर बघायला मागणारा अर्ज घेऊन सेक्रेटरींकडे गेलो.

“अहो, आपण घरचीच माणसं. अर्ज कसला?”

“घरचाच अर्ज आहे. पोच द्या.”

“शिक्का खजिनदारांकडे आहे, आणि ते गावाला गेलेत.”

“मग स्पीड पोस्टाने पाठवतो. एक प्रत उपनिबंधकांना.”

शिक्का त्यांच्याच टेबलाच्या वरच्या खणात, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकाखाली सापडला. गावाला गेलेले खजिनदार संध्याकाळी फाइल घेऊन दारात उभे. टाकी एकदा धुतली होती, बिलं दोन होती. दुसऱ्या बिलाचे पैसे त्याच महिन्यात सोसायटीच्या खात्यात परत आले. कारण दिलं, ‘क्लेरिकल मिस्टेक’.

तेव्हा मंडळी, समोसे जरूर खा. पण अर्ज दोन प्रतींत लिहा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नका.