रेडिएटर तापतो, नळ तापत नाही : एक न्यायशास्त्रीय चिकित्सा

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण विलायतेतल्या कॉम्बी बॉयलरने खोटी पाडली आहे. इथे आडात भरपूर असते. दिवाणखान्यातला रेडिएटर इतका तापतो की त्यावर वाळत घातलेले मोजे कडक होतात, आणि न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ मात्र जानेवारीतली थेम्स जशीच्या तशी हातावर सोडतो. आग एक, यंत्र एक, बिल एक. मग हा पंक्तिप्रपंच का? प्रस्तुत प्रबंधाचा विषय एवढाच आहे.

याला शास्त्र कशाला हवे, असा पूर्वपक्ष संभवतो. त्याचे उत्तर कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असावे लागते (२००९च्या १ एप्रिलपासून, त्याआधी ‘कॉर्गी’ची यादी असे). बॉयलरचे झाकण काढायचे तर ते त्याने, आणि तो येणार पुढच्या गुरुवारी, आठ ते एकच्या दरम्यान. तोवर यजमानाने पान्याला हात लावायचा नाही. पुण्यात असता तर एव्हाना यंत्र फरशीवर वर्तमानपत्रावर मांडलेले असते आणि विचार करायची वेळच आली नसती. झाकण बंद राहते म्हणून तर्क करावा लागतो.

आधी मानाचा प्रश्न मिटवू. नळ मोठा की रेडिएटर? इतिहास नळाच्या बाजूने आहे. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या ‘गीझर’चे पेटंट १८६८ साली घेतले. त्याला धुराडे नव्हते, म्हणजे आंघोळ करणाऱ्याचे धाडसही जमेस धरायला हवे. उलट सामान्य इंग्रजाच्या घरोघरी रेडिएटर पोचले ते १९६०-७०नंतर. गणितही नळाच्याच बाजूने आहे. चोवीस किलोवॉटचा बॉयलर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवून मिनिटाला सुमारे दहा लिटर देतो. मध्यम घर उबदार ठेवायला एवढी ताकद लागतही नाही. यंत्राचा हा सगळा देह नळासाठी आहे. म्हणून नळ उघडला की रेडिएटरांनी मुकाट्याने थांबायचे, असा नियमच आत घालून दिलेला असतो. आपल्याकडचे दुखणे म्हणजे या नियमाचा भंग.

आता परिशेष, म्हणजे जे जे निर्दोष ते वगळत जाणे. रेडिएटर गरम आहेत, त्या अर्थी गॅस येतो, ठिणगी पडते, पंप फिरतो, दाबाचा काटाही एक-दीड बारच्या आसपास असणार. एवढे आरोपी एका झटक्यात सुटले. म्हणूनच साताऱ्याहून फोनवर येणारे “जावईबापू, एकदा बंद करून चालू करून बघा ना” हे शब्दप्रमाण, वक्ता कितीही वंदनीय असला तरी, इथे दुबळे ठरते. बॉयलर रुसून पुरता बंद पडला असता तर रेडिएटरही गार पडले असते. मात्र स्वयंपाकघरातला नळ उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिथे कढत पाणी आले तर खोट न्हाणीघरातल्या मिक्सरमध्ये आहे आणि हा प्रबंध इथेच मिटावा.

उरले ते अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे एक गोष्ट असताना आणि नसताना काय होते ते पाहून, तपासावे. हीटिंग पूर्ण बंद करावे, रेडिएटर गार होऊ द्यावेत, मग गरम नळ पूर्ण सोडावा आणि परसात जाऊन भिंतीतल्या नळकांड्याकडे पाहावे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे आपल्या नैयायिकांचे लाडके उदाहरण; आणि वाफेला धूर समजणे ही त्यांनी आवर्जून दाखवलेली चूक. कंडेन्सिंग बॉयलरने त्यांची पंचाईत केली आहे. त्यातून निघतो तो पांढरा लोट वाफेचाच असतो, पण ती वाफ गॅस जळल्यामुळेच झालेली. धूर नाही आणि तरी अग्नी आहे! काशीच्या पंडितांना हा बॉयलर दाखवायला हवा होता.

लोट दिसलाच नाही, तर नळाची हाक बॉयलरपर्यंत पोचलेली नाही. ही हाक पोचवते एक इवलीशी चक्की. पाणी वाहू लागले की ती फिरते. मिनिटाला दोन-तीन लिटरांहून कमी धार असेल, चक्कीत कचरा अडकला असेल किंवा गार पाण्याच्या तोंडावरची जाळी तुंबली असेल, तर आत कुणाला काही कळतच नाही.

लोट दिसला, तर बॉयलरच्या पोटाखाली वाकावे. तिथे पाच नळ्या असतात : गॅस, गार पाणी आत, गरम पाणी बाहेर, रेडिएटरांकडे जाणारी आणि तिकडून परतणारी. रेडिएटरांकडे जाणाऱ्या नळीला बोटाचे टोक लावावे, लगेच काढण्याच्या तयारीने. हीटिंग बंद, मागणी नळाची, आणि तापते आहे ही नळी? चोर सापडला. त्याचे नाव डायव्हर्टर व्हॉल्व्ह. एका वाटेने आलेले कढत पाणी दोहोंपैकी कुठे धाडायचे हे तो ठरवतो आणि रेडिएटरांच्या बाजूलाच तोंड करून अडकून बसतो. कधी मोटर जाते, कधी पडदा फाटतो, बहुधा रेडिएटरांतला काळा लोहगाळ साचतो. काही जण त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकतात आणि तो आठवडाभर वठणीवर येतो. ही चिकित्सा नव्हे, समजूत घालणे आहे. आणि तीही झाकणाच्या आतली.

तिसरी तऱ्हा अशी : पेटतो, क्षणभर कोमट देतो, विझतो, पुन्हा पेटतो. इथे संशय प्लेट हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे पातळ पत्र्यांच्या ज्या जुडीत बॉयलरचे कढत पाणी नळाच्या पाण्याला तापवते तिच्यावर. यात उपमान प्रमाण कामी येते. लंडनचे पाणी खडूच्या थरांतून आलेले, जड. घरातल्या किटलीच्या तळाशी जी पांढरी खपली दिसते, तीच त्या पत्र्यांच्या फटींत बसते. ग्लासगोच्या मऊ पाण्यात किटली लखलखीत राहते. तिथल्या यजमानाने आधी तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवर संशय घ्यावा.

राहता राहिला गुरुवारपर्यंतचा आचारधर्म. नळाचे पाणी सात अंशांवर धरले, तर पंधरा लिटरची बादली चाळीस अंशांवर आणायला सव्वापाच लिटरांहून थोडे जास्त उकळते पाणी लागते. एक किटली १.७ लिटरची. म्हणजे तीन किटल्या, आणि वर पेलाभर. हा वरचा पेला बादलीत न ओतता चहाला वापरावा, असे आमच्या घरातल्या आचार्यांचे मत आहे, आणि चहा त्याच करत असल्यामुळे या मुद्द्यावर उत्तरपक्ष नाही.