पाच वाड्यांचा बोरा

त्याला आमच्याकडे नावाने कोणी हाक मारत नाही. पोरं ‘कोच’ म्हणतात, बायाबापड्या ‘कोचानू’. खरं नाव सोसायटीच्या कर्जाच्या नोटिशीवर असतं, पण ती नोटीस त्याला कधी पोचत नाही. पोस्टमनलाही तो कोच म्हणूनच ठाऊक.

गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी, अर्धी चड्डी आणि उजव्या गुडघ्याला निळा पट्टा, असा तो मालवणच्या बाजारात मासळी घ्यायलाही येतो. गुडघा मॅचमध्ये गेला असं तो सांगतो. प्रत्यक्षात तो फणसावरून पडला होता, पण ते झाड आता तोडलंय, त्यामुळे पुरावा नाही.

कोणाच्याही ओटीवर टेकला की पाचव्या मिनिटाला त्याची गाडी सर्बियावर येते.

“बोरा बघा! बोरा मिलुटिनोविच!”

“पुण्याचे बोरा? सोन्याचांदीवाले?”

“तां नाय रे मेल्या! सर्बियाचो.”

“थंय शाखा आसा त्यांची?”

मग कोच खांबाला टेकून बोटं मोडायला लागतो. 1986 मेक्सिको. 1990 कोस्टा रिका. 1994 अमेरिका. 1998 नायजेरिया. 2002 चीन. लागोपाठ पाच वर्ल्ड कप, पाच वेगळे देश, माणूस एकच. तरुणपणी बेलग्रेडच्या पार्टिझानकडून खेळला, फिरत फिरत मेक्सिकोत पोचला, तिथेच बूट काढले आणि तिथेच शिट्टी गळ्यात घातली. आपला दशावतारी नट यंदा या कंपनीत राजा, तर पुढच्या हंगामाला त्या कंपनीत राक्षस. मुकुट तोच, मालक नवा. परदेशी कोचचंही तसंच असावं, असं मला वाटतं. रात्रभर राज्य करायचं आणि उजाडलं की पेटारा उचलायचा.

पण बोरा हा कोचचा ग्रंथातला देव. डोळ्यांनी पाहिलेला देव वेगळा: झोरान जॉर्जेविच. कोच त्या वर्षी मडगावात एका गोदामात हिशेब लिहायचा. 2008-09 च्या मोसमात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली. प्रशिक्षक होता हा सर्बियन झोरान आणि पुढे ओडाफा ओकोलीसारखा नायजेरियन तोफखाना. कोच फातोर्ड्याच्या स्टेडियमवर हजर. “मी वरसून आराडलंय, ओडाफाक बॉल देवा! झोरानान वळान माझ्याकडे बघल्यान. आणि गोल!” म्हणजे त्या करंडकाचा एक कान आमच्या वाडीत यायला हरकत नव्हती.

पुढे झोरान ढाक्याला गेला. 2010 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत बांगलादेशाला फुटबॉलचं सुवर्ण मिळवून दिलं. तिथून कुठे, तर दक्षिण सुदान! 10 जुलै 2012 ला जुबा शहरात त्या देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, युगांडाशी दोन-दोन बरोबरी. देशाला स्वातंत्र्य मिळून त्या दिवशी एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. “पोर चालूक लागाच्या आधी झोरानान तेका बॉल दिल्यान,” हे सांगताना कोचचे डोळे भरतात. स्वतःच्या नातवाच्या बारशाला ते कोरडे होते.

मडगावातून परतला तेव्हा त्याच्यात झोरान शिरलेला होता. आमच्याकडे पोरासोरांत क्रिकेटचं वेड, तेही टेनिस बॉलचं. त्यात फुटबॉलचा कोच म्हणजे शाकाहाऱ्यांच्या पंगतीत कोळंबीचं लोणचं. तरी त्याने कारकीर्द केली, आणि बोराच्या हिशेबाने पाच ठिकाणी. वायरीच्या पोरांना पहाटे पाचला किनाऱ्यावर धावायला लावलं. तिसऱ्या दिवशी आयांनी त्याला धावायला लावलं. तारकर्लीत संघ चांगला जमला, पण डिसेंबर उजाडला आणि अख्खी फळी पर्यटकांना घेऊन स्कुबाच्या होड्यांवर. देवबागेत पंचाईत वेगळीच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. विंगर पळवायचे कुठून? डावीकडचा भिजायचा, उजवीकडचाही भिजायचा. सर्जेकोटला खेळाडू मिळाले ते 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असते तेवढेच. त्या दोन महिन्यांत मैदान कुठलं, नुसता चिखल. ऑगस्टात संघ समुद्रावर आणि कोच कट्ट्यावर.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. ऑफसाइडचा सापळा त्याच्याइतका सोपा कोणी शिकवला नसेल. “रापण वढतास मां? दोन्ही दोरये एकदम किनाऱ्याक येवक व्हये. एक बाजू मागे रवली की म्हावरा गेला. बॅकची लाइन तशीच!” रापणकरांच्या पोरांना हे एका दमात कळलं. बेलग्रेडच्या फळ्यावर इतकं स्वच्छ उतरेल की नाही, मला शंका आहे.

पाचवी नेमणूक परदेशी. म्हणजे आरोंद्याचा पूल ओलांडून पलीकडे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात. घरून निघताना बायकोने डब्यात भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर दिली, शेजाऱ्यांनी निरोपाला नारळ. त्याच्या संघाने तीन सामने खेळले, तिन्ही हरले आणि एकही गोल केला नाही. चौथ्या दिवशी कोच परत. आम्हाला वाटलं, माणूस खचला असेल. तर हा ओटीवर चढतानाच ओरडला, “2002 चो चीन! तीन मॅची, तीन हार, गोल शून्य! बोराचा असाच झालेला!” आयुष्यात एवढा समाधानी तो कधी दिसला नव्हता.

परवा किनाऱ्यावर रापण लागली होती. दोन्ही दोरांना माणसं लागलेली आणि हा मधोमध पाय रोवून शिट्टी फुंकतोय. “डावी बाजू ढिली पडता! लाइन धरा!” कोणीतरी म्हणालं, “कोचानू, जरा हात लावा मां.” याने गुडघ्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

म्हावरं वाटताना रापणकराने याच्या हातावरही चार बांगडे ठेवले. घरी बायकोने पिशवी उघडली.

“खयसून हाडलास?”

कोचने टोपी काढून खुंटीला लावली.

“फेडरेशनान दिल्यान.”