ग्राफिक्स कार्ड कधी बदलावे

गेमिंगचे ग्राफिक्स कार्ड दोन प्रकारे जुने होते: कंपनीने नवे जाहीर केले म्हणून, आणि खरोखर. पहिला प्रकार साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी उद्भवतो. एनव्हिडियाची आरटीएक्स २० ही मालिका २०१८ साली आली, ३० मालिका २०२० साली, ४० मालिका २०२२ साली आणि ५० मालिका २०२५च्या जानेवारीत. आदल्या रात्रीपर्यंत सुरळीत चालणारे कार्ड जाहिरातीच्या दुसऱ्या दिवशी मालकाला मंद वाटू लागते. बिघाड कार्डात नसतो. मालकाने कंपनीचे आलेख पाहिलेले असतात, एवढेच.

खरे म्हातारपण उशिरा येते. २०१६ साली आलेले जीटीएक्स १०६० हे कार्ड स्टीमच्या मासिक पाहणीत अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. त्या काळात किती नव्या मालिका आल्या याची त्याला दादही नव्हती. २०२३ साली ‘अ‍ॅलन वेक २’ने मेश शेडरची सोय गृहीत धरली, २०२४च्या डिसेंबरात इंडियाना जोन्सच्या नव्या गेमने रे ट्रेसिंगचे हार्डवेअर सक्तीचे केले, आणि तिथे १०६०ला उंबऱ्यावरच थांबावे लागले. हवा असलेला गेम सुरूच होत नसेल, तर चर्चा संपते. कार्ड बदलावे.

गेम सुरू होतो पण रखडतो, ही अवस्था मात्र वादग्रस्त. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर कार्डाला एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी ६० दिसत असूनही मध्येच चित्र अडखळत असेल, तर एक संशयित म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. ती भरली की माल मुख्य रॅममधून मागवावा लागतो आणि तेवढ्यात शत्रू गोळी घालून मोकळा होतो. २०२३पासून बऱ्याच मोठ्या गेम्समध्ये ८ जीबीच्या कार्डांची ही तारांबळ दिसते. टेक्स्चरचे सेटिंग एक पायरी उतरवले की ती बहुधा थांबते. पण ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर येणे अनेकांना खालच्या वर्गाच्या डब्यात बसल्यासारखे वाटते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी खेळ थांबवून भिंतीच्या विटा न्याहाळाव्या लागतात, हे ते मान्य करत नाहीत. कोपऱ्यातल्या फ्रेम्सच्या आकड्याकडे डोळे लावून खेळणाऱ्यांची जात याहून अवघड. ते शत्रूच्या हातून मरतात आणि दोष ५७ या आकड्याला देतात.

दोषी कार्डच आहे का, हे तपासण्याची सोपी रीत आहे. रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम्स वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या जागी राहिल्या तर बहुधा प्रोसेसरची, आणि तिथे नवे कार्ड म्हणजे भरल्या घरात आणखी एक बसून खाणारा पाहुणा. पंख्यांवरची धूळही एकदा झटकावी. कार्ड तापले की स्वतःचा वेग उतरवते, आणि ब्रश फार स्वस्त असतो. एफएसआरसारखी सोयही आहे: चित्र लहान काढायचे आणि मोठे करून दाखवायचे. तिच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या कार्डांवरही चालतात.

काही जण मात्र उलट्या बाजूने अडकतात. आधी फोरके मॉनिटर येतो. १०८०पी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात, फोरकेमध्ये त्याच्या बरोबर चौपट. परवापर्यंत तरुण असलेले कार्ड एका दुपारीत निवृत्तीच्या वयाला येते. मग कार्ड, कार्डासाठी एसएमपीएस, आणि कार्डाची लांबी मोजायची राहून गेल्यामुळे कॅबिनेट. आरटीएक्स ४०९० एकटेच ४५० वॅटपर्यंत वीज खाते, त्यामुळे घरच्यांना ‘अभ्यासासाठी लागतं’ हे कारण वीजबिल येईपर्यंतच पुरते.

वेळेचा प्रश्न उरतो. नवी मालिका तोंडावर असताना जुनी पूर्ण किमतीत घेऊ नये, हा नियम बरा आहे. पण २०२०-२१मध्ये तो पाळणारे फसले. टाळेबंदी, चिपांचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे मायनिंग एकत्र आले आणि कार्डे छापील किमतीला मिळेनाशी झाली. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली, तेव्हा त्या कामाला जुंपलेली कार्डे सेकंडहँड बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, विकणारा सांगतो, ‘घरचंच आहे, फक्त क्रिकेट खेळायचो.’ कार्ड समोर अर्धा तास चालवून, तापमान पाहून आणि वॉरंटीचे बिल हातात घेऊनच पैसे द्यावेत.

स्वतःचे जुने कार्ड विकायचे तर नव्या मालिकेच्या घोषणेआधी विकावे. नंतर भाव पडतो. धाकट्या भावाला दिल्यास पैसे येत नाहीत, ड्रायव्हर टाकून द्यायला तेवढे बोलावणे येते.