मामा महाकाल लोक दाखवतात

उज्जैनला एकही मामा नाही असं मराठी घर आता शोधून काढावं लागेल. कुणाच्या आईचे सख्खे भाऊ, कुणाचे चुलतमामा, तर कुणाचे 'शेजारच्या काकूंचे मामा, म्हणजे आपलेच की'. पूर्वी या मामांची आठवण सिंहस्थाला यायची, म्हणजे बारा वर्षांतून एकदा. 11 ऑक्टोबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते महाकाल लोकाचं, म्हणजे महाकालाच्या देवळाकडे नेणाऱ्या मूर्तींनी सजलेल्या मार्गाचं, उद्घाटन झालं आणि सुकलेल्या नात्यांना एकदम पालवी फुटली. ज्यांनी मामांच्या मुलीच्या लग्नाला 'अक्षता इथूनच टाकल्या' असं कळवलं होतं, तेही आता फ्रीगंजमधल्या मामांच्या दारात रिक्षातून उतरतात आणि वाकून नमस्कार करतात.

मामा याला कंटाळले असतील असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. कंटाळल्या आहेत त्या मामी. त्यांना पहाटे पोहे भिजवायचे असतात, जिलबी कुणाकडून आणायची हे ठरवायचं असतं आणि 'आम्ही पोह्यांवर शेव नाही घेत हो' असं म्हणणाऱ्या पुणेकराकडे शांतपणे बघायचं असतं. मामा मात्र पांढरा शर्ट, गळ्यात गमछा आणि पायांत चटकन काढता येतील अशा चपला घालून व्हरांड्यात केव्हाचे उभे असतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढं महत्त्वाचं काम दुसरं कुणी दिलेलं नाही.

पाहुण्यांची समजूत अशी असते, की महाकाल लोक बघायचं म्हणजे दर्शनाला जाता जाता अर्ध्या तासात उरकायचं. रस्ताच तो, देवळाकडे जाणारा. पण हा रस्ता नऊशे मीटरहून लांब आहे, रुद्रसागराच्या काठाने जातो आणि त्यावर मामा आहेत. नंदीद्वाराशीच ते मंडळींना थांबवतात. ई-कार्टकडे आशेने बघणाऱ्या जावईबापूंना सांगतात, "ती म्हाताऱ्यांसाठी." स्वतः सत्तरीचे आहेत.

मामांची दाखवण्याची एक पद्धत आहे. ते पुढे चालतात, पण उलटे. पाठ शंकराकडे, तोंड पाहुण्यांकडे. मूर्ती त्यांनी बघितलेल्या आहेत, आज बघायचा आहे तो पाहुण्याचा चेहरा. त्रिपुरासुराचा वध करायला निघालेला रथावरचा शंकर समोर आला, की ते एक भुवई वर करून वाट बघतात. पाहुणा 'वा' म्हणाला की पुढचं पाऊल पडतं. नुसतं 'छान आहे' म्हणाला, तर मामा त्याला चार पावलं मागे नेऊन पुन्हा आणतात. "इथून बघा. आता?" मग तो निमूट 'वा' म्हणतो.

रांगेने 108 खांब उभे आहेत, त्यांवर शिवाचं आनंदतांडव कोरलंय. मामा प्रत्येकासमोर थांबत नाहीत, हे त्यांचे उपकार. पण एका खांबावर ते अंगठीने टकटक करून दाखवतात. "दगड आहे. राजस्थानातून आलाय, बन्सी पहाडपूरचा. आवाज ऐका." मंडळी कान लावून दगडाचा आवाज ऐकतात. मोठमोठ्या मूर्तींपाशी मात्र मामा टकटक करत नाहीत. त्या फायबरच्या आहेत.

आणि मग सप्तर्षी येतात.

28 मे 2023 रोजी वादळ झालं आणि सातांपैकी सहा ऋषी खाली आले. ही बातमी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरी पोचलेली असते, कारण चांगल्या बातमीला एवढा वेग नसतो. मामांना अंदाज असतोच, त्यामुळे ते बरोबर याच ठिकाणी रुद्रसागराकडे बोट दाखवून कमळांचा विषय काढतात. तरी जावईबापू विचारतातच, "हे तेच ना, पडलेले?"

"वादळ होतं," मामा म्हणतात. "वादळात झाडंसुद्धा पडून जातात. तुमच्या पुण्यात नाही पडत?"

एरवी टॉवर चौकात मित्रांच्या कोंडाळ्यात याच विषयावर मामांचा आवाज सर्वांत चढा असतो. कंत्राट, फायबर, आतून पोकळ, सगळं ते बोलून चुकलेत. पण ते आपसात. बाहेरगावच्या माणसासमोर गावाची अब्रू मामांकडे असते आणि ते ती गमछ्यासारखी झटकून पुन्हा नीट खांद्यावर घेतात.

परवाची गोष्ट. इंग्लंडहून आलेली भाचेसून कौतुकाने सांगत होती, की तिकडे ल्यूक जेरम नावाच्या कलावंताने सात मीटरचा चंद्र केलाय. नासाने काढलेल्या फोटोंवरून हुबेहूब, आतून उजळलेला. तो कॅथेड्रलच्या उंच छताखाली टांगतात आणि लोक खाली गालिच्यावर पडून तासन्‌तास बघत राहतात. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "चर्चमध्ये चंद्र लटकवला," ते म्हणाले. "आमच्याकडे पहिल्यापासून शंकराच्या डोक्यावरच आहे." नंतर मात्र हळूच विचारलं, "तिकीट किती असतं?"

मामांचा खरा विषय पुढेच आहे. महाकाल लोक हा त्याच्याकडे न्यायचा रस्ता. 1235च्या सुमाराला इल्तुतमिशने देऊळ पाडलं, त्यावर पाचशे वर्षं गेली, इथवर मामा भराभर येतात. मग थांबतात. "आणि पुन्हा बांधलं कुणी?" पाहुणे एकमेकांकडे बघतात. "रामचंद्रबाबांनी! राणोजी शिंद्यांचे दिवाण, सुखटणकर. आपला माणूस." यातला 'आपला' असा काही उच्चारलेला असतो, की रामचंद्रबाबा परवाच मामींच्या हातचे दालबाफले खाऊन गेले असावेत. एकदा हे सुरू झालं की आवरत नाही. हरसिद्धीसमोरच्या दोन उंच दीपमाळा? मराठ्यांच्या. गोपाळ मंदिर? बायजाबाई शिंद्यांचं. त्याचं चांदीचं दार? सोमनाथाहून गझनीला गेलं, लाहोरात सापडलं आणि महादजींनी परत आणलं. इतिहासकार यावर काय म्हणतात ते मामांना विचारायचं नसतं. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, हे मात्र त्यांना आजतागायत पटलेलं नाही. "काय कमी होतं इथे?" असं ते जावईबापूंना विचारतात, आणि निर्णय आपणच घेतल्यासारखे जावईबापू ओशाळतात.

मामांचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर आलं आणि इथेच राहिलं. गल्लीतले लोक त्यांना अजून 'मराठी साहब' म्हणतात. पुण्याचे पाहुणे त्यांचं बोलणं ऐकून गालात हसतात, 'मामा, तुमचं मराठी किती गोड हो, हिंदी मिसळलेलं'. मामाही हसतात. मग पुढच्या मूर्तीकडे पाहुण्यांना थोडं जास्तच जोरात ढकलतात.

देवळात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे बाहेर सगळ्यांचे फोन सांभाळणं हे मामांचंच काम. दर्शन मंडळींनी घ्यायचं. सात फोन मांडीवर घेऊन मामा पायरीवर बसतात, वाजलेला प्रत्येक फोन उचलतात आणि पलीकडे कुणीही असो, त्याला उज्जैनला बोलावतात. "या ना! नागपंचमीला या. नागचंद्रेश्वर वर्षात तेव्हाच उघडतं." भाचीच्या कंपनीतल्या साहेबालाही त्यांनी असंच बोलावून ठेवलंय. तो येतोय म्हणे, सहकुटुंब.

निघायच्या दिवशी मामा स्टेशनवर सोडायला येतात. पाहुण्यांचे पाय दुखत असतात आणि पिशवीत मामींनी दिलेली शेव असते. फलाटावर घोषणा होते, गाडी दोन तास उशिरा. पाहुणे बाकावर कोसळतात. मामांचा चेहरा उजळतो.

"मग वेधशाळा होऊन जाईल!"

"मामा, ती जयसिंहाची ना?" जावईबापू शेवटचा प्रयत्न करतात.

"बांधली सवाई जयसिंहाने. पण बंद पडली होती, ती 1923 साली दुरुस्त कुणी केली?"

"शिंद्यांनी," सहा वर्षांचा नातू आपोआप म्हणतो.

तोवर मामांनी दोन बॅगा उचललेल्या असतात आणि रिक्षावाल्याशी भाव ठरत असतो.