जागेवरचा भाव उणे, पोच भाव अधिक

वीसबाडेन, जर्मनी
अश्विन शु. अष्टमी, 22 ऑक्टोबर 2023

ती. नाना आणि ती. सौ. आई यांस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

नाना, तुमचा व्हॉट्सॲपवरचा निरोप पोचला. ‘जर्मनीत घाऊक भाव 14.7 टक्क्यांनी पडले. आता तुमची चंगळ. दिवाळीत चौघांची तिकिटं काढा.’ यातली बातमी खरी आहे. ती तर आमच्याच गावातून निघाली. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाचं मुख्यालय इथे वीसबाडेनलाच आहे आणि परवा शुक्रवारी त्यांनी सप्टेंबरचा आकडा जाहीर केला. चंगळीचं मात्र अजून कुठल्याच कार्यालयानं जाहीर केलेलं नाही.

मागच्या वर्षी याच सुमारास तुमचा फोन आला होता, तो काळजीचा. ‘तिथे 45 टक्के महागाई म्हणे! तांदूळ पाठवू का?’ आईनं तर निम्मं पोतं बांधायला घेतलं होतं. दोन्ही वेळचा आकडा एकाच निर्देशांकाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही मध्येच ‘तिकडं थंडी किती?’ विचारता आणि विषय सुटतो.

हा निर्देशांक उत्पादकांच्या भावाचा. म्हणजे तुमच्या मार्केट यार्डाच्या बोलीत जागेवरचा भाव, पोच नव्हे. वीज, गॅस, पोलाद, रसायनं, कागद, लोणी, बिअर, जे जे जर्मनीत तयार झालं आणि जर्मनीतच विकलं गेलं, त्याचा कारखान्याच्या दारातला भाव. त्यात व्हॅट नाही, दुकानदाराचा नफा नाही. बाहेरून आयात झालेल्या मालाचा निर्देशांक वेगळा असतो, त्यामुळे सांगलीची हळद या हिशोबात येत नाही. वाईट वाटून घेऊ नका.

तर 2021च्या ऑक्टोबरात हा आकडा वर्षभरात 18.4 टक्के चढला, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांना तुलनेसाठी थेट नोव्हेंबर 1951 गाठावा लागला. तेव्हा तो 20.6 होता. लोक म्हणाले, करोनानंतर माल अडकलाय, होईल सुरळीत. डिसेंबरात तो 24.2 झाला. फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि 2022च्या ऑगस्ट-सप्टेंबरात 45.8. ही मोजदाद 1949 साली सुरू झाली, तेव्हापासूनचा उच्चांक. पण ऊर्जा बाजूला काढली, तर ऑगस्टमधली वाढ 14 टक्के राहत होती. म्हणजे खरा गोंधळ गॅसचा आणि विजेचा. 2021 साली जर्मनीच्या आयात गॅसपैकी सुमारे 55 टक्के एकट्या रशियाकडून यायचा. तुम्ही मला जन्मभर सांगितलंत, एकाच अडत्याकडून माल उचलू नये. तुमचं हे वाक्य बर्लिनला कुणी कळवलं नाही.

विजेचं त्याहून मजेशीर. बाजाराची गरज भागवायला शेवटी जे सगळ्यात महागडं केंद्र चालवावं लागतं, त्याचा भाव सगळ्यांना मिळतो. ते शेवटचं केंद्र बहुधा गॅसवरचं. त्यामुळे गॅस चढला की फुकटच्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पवनचक्कीची वीजही त्याच भावानं विकली जाते. मंडीत शेवटच्या गाडीनं ठरवलेला भाव पहिल्या गाडीवाल्यानंही घ्यावा, तसं. पहिला गाडीवाला का तक्रार करेल?

त्या हिवाळ्यात काय काय झालं ते तुम्हाला तेव्हा मुद्दामच सांगितलं नव्हतं. सरकारी कचेऱ्यांमध्ये 19 अंशांच्या वर हीटर लावायचा नाही, हात धुवायला गरम पाणी बंद, असा नियम निघाला. बाडेन-व्युर्टेम्बर्गचे मुख्यमंत्री क्रेचमान यांनी तर जनतेला सांगितलं की सारखा शॉवर घ्यायला नको, ओल्या फडक्यानं अंग पुसणं ही उपयोगी गोष्ट आहे. आई, तुझ्या जावयाला आयुष्यात प्रथमच एखाद्या राजकारण्याचं शंभर टक्के पटलं. आणि गंमत म्हणजे आमच्या गावात मधोमध कॉखब्रुनन नावाचा झरा आहे. जमिनीतून आपोआप 66 अंशांचं पाणी येतं, खारट. लोक त्याच्या वाफेपाशी हात शेकायचे आणि मग घरी जाऊन स्वेटरवर स्वेटर चढवायचे.

सूर्यफुलाच्या तेलाचा तुटवडा त्याच्याही आधीचा, पाडव्याच्या सुमाराचा. युक्रेन आणि रशिया हेच त्या तेलाचे मोठे पुरवठादार, त्यामुळे दुकानातले कप्पे रिकामे आणि ‘प्रत्येकी एकच बाटली’ अशी पाटी. श्रीखंड केलेलं आणि पुऱ्यांना तेल नाही! शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजी तळघरात घेऊन गेल्या. तिथे तेल, साखर, मीठ, मेणबत्त्या यांची अशी रास, की तुमचं गोदाम लाजेल. त्यांच्या आईनं 1923 पाहिलेलं. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. तेव्हापासून त्या घरात कुणी रिकाम्या फडताळावर विश्वास ठेवलेला नाही. पुऱ्या त्यांना आवडल्या. श्रीखंड ‘फार गोड’ म्हणाल्या आणि दोनदा घेतलं.

आता तुमच्या उणे चौदाकडे येते. नाना, खतावणी उघडा. सप्टेंबर 2021ला जो माल 100चा, तो 2022च्या सप्टेंबरात 145 रुपये 80 पैशांना गेला. यंदा त्यातून 14.7 टक्के वजा करा. किती उरले? 124 आणि वर काही पैसे. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मानानं माल अजून जवळपास पाव पटीनं महाग आहे आणि मथळा छापलाय, ‘1949पासूनची सर्वांत मोठी घसरण’. दोन्ही वाक्यं खरी. मागच्या सप्टेंबरचा डोंगर इतका उंच होता की त्याच्या शेजारी यंदाची टेकडी खड्ड्यासारखी दिसते. आणि याही वेळी पडलेत ते मुख्यतः ऊर्जेचे भाव. बाकीचा माल वर्षभरात थोडा वाढलेलाच आहे.

बरं, कारखान्याच्या दारात पडलेला भाव आमच्या दारात कधी येणार? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला मी विचारलं. मागच्या वर्षी गॅस चढला तेव्हा पावाच्या किमतीची पाटी दर दोन महिन्यांनी बदलत होती, आता उतरला तर ती का हलत नाही? तो शांतपणे म्हणाला, भट्टीच्या गॅसचा करार गेल्या वर्षीच्या भावानं केलाय, तो संपू दे. शिवाय किमान वेतन गेल्या ऑक्टोबरपासून तासाला 12 युरो झालंय, ते काही गॅसबरोबर खाली येत नाही.

नाना, मला एकदम आपलं दुकान आठवलं. तूरडाळ चढल्याचा फोन लातूरहून आला की तासाभरात तुम्ही पाटीवरचा आकडा पुसायचात. उतरल्याचा फोन आला की गिऱ्हाइकाला सांगायचात, ‘जुना माल संपू दे, वहिनी.’ जुना माल कधी संपला ते आईलाही माहीत नाही. त्यामुळे बेकरीवाल्याशी मी फार वाद घातला नाही. घरचाच माणूस निघाला.

घरमालकाचं पत्र मात्र जिव्हारी लागलं. इथे हीटरचे पैसे दरमहा अंदाजानं भरायचे आणि हिशोब वर्ष संपल्यावर येतो. मालकाला तो पाठवायला बारा महिन्यांची मुदत असते. तेव्हा 2022च्या थंडीचं बिल 2023च्या ऑक्टोबरात आलं, नेमकं ज्या आठवड्यात वर्तमानपत्रं भाव पडल्याचं सांगत होती त्याच आठवड्यात. यंदा जानेवारीपासून सरकारनं गॅसच्या आधीच्या वापरापैकी 80 टक्क्यांना युनिटमागे 12 सेंटची मर्यादा घातली आहे, पण हे बिल त्याआधीच्या वर्षाचं. जावई ते तीनदा वाचून दिव्याखाली धरून बघत होते, कुठे दशांश चिन्ह पुसलं गेलंय का म्हणून.

किरकोळ महागाई सप्टेंबरात 4.5 टक्के होती, खाण्यापिण्याची 7.5. म्हणजे कारखान्यात उणे चौदा आणि ताटात अधिक साडेसात. तुम्ही हसाल, पण तुमच्याकडेही सप्टेंबरचा घाऊक आकडा उणे 0.26 आणि किरकोळ अधिक 5.02 असाच आलाय ना? जुलैत टोमॅटो कसे घेतलेत ते आईनं सांगितलंय मला. तेव्हा तुम्हाला घाऊकच्या आकड्यावरून कुणी तिकिटं काढायला सांगितली होती का?

तर दिवाळीला येणं जमत नाही. उन्हाळ्यात बघू. मुलं आजी-आजोबांची आठवण काढतात, विशेषतः धाकटी. तिला गल्ल्यावर बसायचंय, आणि ती सुट्टे परत देत नाही, हे तुमच्या कानावर असू द्यावं.

आई, भाजणी आणि मेतकूट पाठव. पण नाना, खोक्यावर किंमत तुम्ही लिहू नका, आईला लिहू दे. घरच्यांनी पाठवलेल्या भेटीला 45 युरोपर्यंत इथे कर नाही, आणि मागच्या वेळी तुम्ही चालू बाजारभावानं बिल करून वर ‘उधारी बंद’चा शिक्का मारला होता. तो कस्टमवाल्यानं कौतुकानं वाचला आणि कर लावला.

तुमची,
बेबी