वैमानिक जागे, नियम झोपलेले

वैमानिकाने उड्डाणाआधी १२ तास दारूला शिवायचे नाही, वर यंत्रात फुंकर मारून तसे सिद्धही करायचे. दोघा वैमानिकांनी जेवणही वेगवेगळे घ्यायचे, अशी रीत आहे. एकाचे पोट बिघडले तर दुसरा शाबूत हवा. २०२५ मध्ये त्यांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तरी डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणे रद्द झाली. मग सरकारने युक्ती काढली: वैमानिकांना झोपवण्याऐवजी काही नियमच तात्पुरते झोपवले!

आमच्या माणगावात असल्या भानगडी नाहीत. गणपतीत रात्रभर मुंबईहून चाकरमान्यांची गाडी हाणत आलेला ड्रायव्हर पहाटे टपरीवर उतरतो, तोंडावर पाण्याचा हबका मारतो, तंबाखू मळतो, कटिंग घशात ओततो. झाली विश्रांती. त्याचा को-पायलट, म्हणजे क्लीनर, मागे सीटवर घोरत असतो. फुंकर मारायची ती फक्त गरम चहावर.

तरी सरकारला आमच्या ड्रायव्हरांची काळजी नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळत ठेवून माणगावच्या कोंडीत सक्तीच्या विश्रांतीची सोय केलेलीच आहे. शिवाय तिला आजवर एकदाही स्थगिती मिळालेली नाही.